नवीन संसाराची भांडी घेताय? कुठला धातू कशाला, ते आधी बघून घ्या

नवीन घर लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलेले असोत नाहीतर नोकरीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेतलेले असोत, भांड्यांच्या दुकानात शिरलं की सगळ्यांचं सारखंच होतं. साधं पातेलं मागितलं तर पाच प्रकार समोर येतात, स्टील, ट्रायप्लाय, हार्ड ॲनोडाइज्ड, पितळ कल्हईवालं, वर आणि नॉनस्टिक. दुकानदार एक सांगतो, आई दुसरं, आणि व्हॉट्सॲपवर तर रोज एखादा धातू विष ठरतो आणि दुसरा अमृत. मी आजीचं माळ्यावरचं पितळ खाली काढण्यापासून ते कल्हईवाला शोधण्यापर्यंत सगळं केलंय, आता मित्रमंडळींत कोणाचं घर लागलं की मलाच फोन येतो, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी आपोआप जमतं. भांड्याला तीन जागा असतात: अन्न टेकतं ती आतली बाजू, आच लागते ते बूड, आणि आपण धरतो ती मूठ. या तिन्हींचं काम वेगळं, त्यामुळे तिन्हीला लागणारा माल वेगळा. चांगला धातू, वाईट धातू असं काही नसतं, तो चुकीच्या जागी असतो एवढंच. शाळेत धातू-अधातूचा धडा होता ना, सुवाहक, दुर्वाहक, वर्धनीय, ठिसूळ वगैरे, तो पाठ करून मार्क मिळवून आपण विसरून गेलो, पण तो खरा उपयोगी पडतो तो इथे.

पायरी १: आधी शेगडी बघा, मग माळा बघा

गॅस असेल तर काहीही घ्या. इंडक्शन असेल तर अर्धं दुकान तिथेच बाद. इंडक्शनच्या काचेखाली तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज खेळली की चुंबकीय क्षेत्र सारखं बदलत राहतं आणि उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते, पण त्यासाठी बूड लोहचुंबकाला चिकटणारं पाहिजे. लोखंड आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चालतं. तांबं, पितळ, नुसतं ॲल्युमिनियम चालत नाही. स्टीलमधलं काही चालतं, काही नाही, ते पुढे सांगतो. शिवाय बूड सपाट पाहिजे. परदेशी निघालेल्यांनी तर हे नीट ऐका, तिकडे बऱ्याच घरांत सपाट काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते, तिच्यावर गोल बुडाची कढई नुसती डुगडुगते, म्हणून बॅगेतली जागा तिच्यासाठी घालवू नका.

शेगडी कळली की घरच्या माळ्यावर चढा. आजी-आईचं जुनं पितळ, बिडाचा तवा, तांब्याची कळशी, जे असेल ते खाली काढा. जुना माल बहुतेक वेळा आजच्यापेक्षा जाड पत्र्याचा असतो, आणि तो पैसे देऊनही सहज मिळत नाही. गंजलंय, हिरवं पडलंय म्हणून लगेच मोडीत घालू नका, वरचा थर घासून निघतो.

पायरी २: प्रत्येक भांड्याला तीन प्रश्न विचारा

आच पसरवतं का? आंबट चालतं का? उचलता येतं का?

आचेसाठी आकडे सांगतो, एककाकडे बघू नका, फक्त प्रमाण बघा. उष्णता वाहून न्यायच्या शर्यतीत स्टील १६ च्या आसपास, बीड ५० च्या घरात, पितळ ११०-१२०, ॲल्युमिनियम २३० च्या पुढे आणि तांबं ४०० च्या आसपास. म्हणजे पातळ स्टीलच्या पातेल्यात खीर केली की बर्नरच्या वर नेमका गोल डाग का पडतो ते कळलं? आच तिथेच अडकते, बाजूला सरकतच नाही.

आंबटाचं सोपं आहे: चिंच, कोकम, टोमॅटो, ताक, लिंबू. आपल्या स्वयंपाकात यातलं काहीतरी रोज असतंच, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच महत्त्वाचा.

वजनाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८ च्या वर, तांब्याची जवळजवळ ९. दुकानात रिकामी बिडाची कढई एका हाताने उचलून बघा, आणि मग ती भाजीने भरलेली आहे असं समजा.

पायरी ३: बाजारात जाताना सोबत काय न्यायचं

- छोटं लोहचुंबक, फ्रीजला लावायचं असतं ते चालेल
- जुनं पांढरं फडकं
- शेगडीच्या बर्नरचं किंवा इंडक्शनच्या गोलाचं माप, म्हणजे बूड केवढं पाहिजे ते कळतं
- मोबाइलमध्ये बीआयएस केअर ॲप, आयएसआय मार्कखालचा नंबर तपासायला
- मोड, म्हणजे जुनी भांडी वजनावर द्यायची असतील तर प्रत्येक भांड्याचं घरी केलेलं वजन कागदावर लिहून

कुठे जायचं? रोजच्या स्टीलसाठी पुण्यात तुळशीबाग आहेच. तांब्या-पितळेसाठी कसबा पेठेतली तांबट आळी, तिथले कारागीर पेशवाईपासूनचे, आणि तिथलं मठारकाम बघण्यासारखं असतं. हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर नुसती नक्षी उठत नाही, ठोकल्याने तांबं कडकही होतं. मुंबईकरांना पायधुणीजवळचा तांबा काटा, नाशिककरांना भांडी बाजार, आणि विदर्भातल्यांना पितळ म्हटलं की भंडारा सांगायची गरज नाही.

पायरी ४: स्टील घेताना

रोजची ताटं, वाट्या, डबे, पातेली, हे सगळं स्टीलच घ्या, उगाच नखरे नकोत. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात क्रोमियम मिसळलेलं. हवेतल्या ऑक्सिजनशी क्रोमियमचा संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर बसतो, दिसत नाही पण असतो, आणि ओरखडा पडला तर पुन्हा आपला आपण तयार होतो, म्हणून गंज नाही आणि चिंचेची भीती नाही.

आता गोम ग्रेडमध्ये आहे. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, त्यालाच १८/८ म्हणतात, भांड्यांना हे उत्तम. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, स्वस्त पडतं, पण मिठाच्या पाण्यात जरा लवकर डाग धरतं. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच, ते चुंबकाला चिकटतं, म्हणून इंडक्शनच्या बुडाला तेच वापरतात.

इथला सापळा: "चुंबक चिकटलं नाही म्हणजे अस्सल ३०४" असं दुकानदार ठासून सांगतात, ते अर्धसत्य आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. आणि उलट चिकटलं म्हणजे माल खराब असंही नाही, ४३० ला चिकटणारच, इंडक्शनवाल्याला तर तेच हवंय. चुंबकाने फक्त इंडक्शनवर चालेल का एवढं कळतं, ३०४ की २०२ ते कळत नाही. काही दुकानांत आणि भंगारवाल्यांकडे तपासणीच्या द्रवाची छोटी बाटली असते, थेंब टाकून बारकी बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेल्या स्टीलवर थेंब लाल होतो, कोणी करून दाखवत असेल तर बघा. नाहीतर बुडावर ग्रेड छापलाय का बघा आणि बिलावर लिहून घ्या. नुसतं "फूड ग्रेड" असं लिहिलेलं असेल तर त्यावरून ग्रेड काहीच कळत नाही. २०२४ मध्ये सरकारने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढलाय, तेव्हा मार्क बघा आणि खालचा लायसन्स नंबर ॲपमध्ये टाकून तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

कढई मात्र नुसत्या स्टीलची घेऊ नका. ट्रायप्लाय घ्या, म्हणजे आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३०. पायरी २ मधले आकडे आठवा, अन्नाला लागायला स्टील, आच पसरवायला ॲल्युमिनियम, इंडक्शनला धरायला बाहेरचं स्टील, तीन कामं तीन जणांना वाटून दिलीत. महाग आहे, पण एक कढई घेतली तरी फरक कळतो. तांब्याचं बूड लावलेली स्टीलची पातेली दिसायला छान, पण बहुतेकांवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, एवढ्याशा थराने आच काय पसरणार.

पोहे-उपमा चिकटतो ही स्टीलबद्दलची कायमची तक्रार. कढई रिकामी तापवा, पाण्याचा थेंब टाका, तो चर्र करून उडून गेला तर अजून थांबा, मोत्यासारखा घरंगळायला लागला की गॅस कमी करून तेल घाला. आणि मीठ थंड पाण्यात टाकून भांडं तसंच ठेवू नका, बुडाशी बसलेल्या मिठामुळे बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला, बास.

पायरी ५: लोखंड आणि बीड

थालीपीठ, घावन, आंबोळी, भाकरी, यांच्यासाठी दुसरं काही सुचवू नका मला. पत्र्याचा लोखंडी तवा वेगळा आणि बिडाचा वेगळा हे आधी लक्षात घ्या. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन २ ते ४ टक्के असतो, आणि हाच कार्बन, म्हणजे एक अधातू, त्याला ठिसूळ करतो. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येईल, बिडाचा पडला तर तुकडा उडेल. तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतलं तरी तडा जाऊ शकतो. पण जाड आणि जड असल्यामुळे एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून आंबोळी टाकली तरी तवा थंड पडत नाही.

घेताना पांढरं फडकं आतून घासा. थोडं काळं-तपकिरी लागणं ठीक, पण रंगाचे पापुद्रे किंवा मेणासारखा चिकट थर लागला तर तो गंज लागू नये म्हणून लावलेला असतो, तो पूर्ण काढावा लागेल. बुडाला छोटी भोकं, खाचा आहेत का बघा, ओतकाम खराब असलं की त्या असतात.

तवा तयार करायची पद्धत, जी प्रत्येक घरात वेगळी सांगतात, पण सार हेच:

१. गरम पाणी, साबण आणि काथ्याने एकदा खसखसून घासा. साबण घालायची ही पहिली आणि जवळजवळ शेवटची वेळ.
२. लगेच पुसा आणि गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हवा तर काढता येत नाही, निदान पाणी तरी काढा.
३. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल थेंबभर घेऊन सगळीकडे लावा आणि मग कोरड्या फडक्याने पुसून टाका, जणू चुकून लावलं होतं. तेल जास्त राहिलं की चिकट, पिवळा थर बसतो आणि तो निघता निघत नाही.
४. धूर यायला लागेपर्यंत तापवा, थोडा वेळ तसंच ठेवा, गार होऊ द्या.
५. हेच पुन्हा तीन-चार वेळा. मग कांदा चिरून तेलात परता आणि तो कांदा टाकून द्या.

यात होतं काय, तर तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक काळा थर बसतो आणि तो न चिकटण्याचं काम करतो. काही जण आधी दोन-तीन दिवस भाताच्या पेजेत भिजवतात, माझ्या मते त्याची गरज नाही, पण सासूबाई सांगत असतील तर वाद घालू नका.

लोखंडात आंबट शिजवू नका, थर निघतो आणि आमटीला लोखंडाची चव येते. पालेभाजी, वांगं काळं पडतं, ते विषारी नसतं, भाजीतल्या तुरट द्रव्यांची लोखंडाशी झालेली अभिक्रिया असते, फक्त भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा. शिजताना अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं, पण रक्त कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळीऐवजी कढई असं करू नका.

पायरी ६: तांबं, पितळ आणि कल्हई

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. कासं म्हणजे तांबं अधिक कथील, साधारण ७८ ला २२. पितळ ठोकून वाकवता येतं, कासं ठिसूळ, आपटलं तर फुटतं, पण बोटाने टिचकी मारली की घंटेसारखं घुमतं. पायाला तूप चोळायची काशाची वाटी घरात असेल तर वाजवून बघा. काशाचं ताट जेवायला घेतात, गॅसवर ठेवायला नाही.

तांबं-पितळ आच सुरेख पसरवतं, पण आंबटाशी त्याचं जमत नाही. ताक ठेवलं की कळकतं, म्हणजे धातू उतरून बिघडतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की मळमळ, उलटी ठरलेली. म्हणून आतून कल्हई. कोरडं काम, म्हणजे पिठाची परात, धान्याचे डबे, हे बिनकल्हईचं चालतं. आमटी, सार, अळूचं फदफदं, दूध-दही, यांच्यासाठी कल्हई पाहिजेच.

कल्हई म्हणजे आतून चढवलेला कथिलाचा पातळ थर. कल्हईवाला भट्टीवर भांडं तापवतो, आत नवसागराची पूड टाकून कापसाने फिरवतो, पांढरा धूर निघतो, मग कथिलाची कांडी टेकवतो, ती वितळते आणि एका हाताने कापूस फिरवत तो सगळं आतून चंदेरी करून टाकतो. नवसागर कशाला? तापलेल्या पितळेवर ऑक्साइडचा थर आला तर कथील धरत नाही, नवसागर तो थर साफ करतो. गंमत बघा, नवसागर हा नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन या तीन अधातूंचा बनलेला, आणि काम करतो दोन धातू जोडायचं. तो धूर मात्र घशाला लागतो, लहान मुलांना तमाशा बघायला जवळ उभं करू नका.

कल्हई करून घेतानाचे सापळे:

कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे कथिलात शिसं मिसळायचा मोह काही जणांना होतो, आणि शिसं शरीराला घातक. काम सुरू व्हायच्या आधी कांडी हातात मागा आणि कानाजवळ धरून हळूच वाकवा. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर आवाज करतं, शिसं मुकाट्याने वाकतं. वाकवलेली कांडी बघून कल्हईवाले काका आधी तुमच्याकडे रोखून बघतील, मग जरा सांभाळून काम करतील. सोय असेल तर कथील स्वतः विकत आणून द्या.

भांडी भट्टीवर जाण्याआधी मोजून द्या आणि आतून घासून द्या, म्हणजे थर नीट बसतो. झाल्यावर उजेडात बघा, कुठे पिवळं किंवा तांबडं डोकावत असेल तर तिथल्या तिथे पुन्हा लावून घ्या, घरी आल्यावर कोण पुन्हा जातंय.

कल्हई वापरतानाचे नियम त्याहून महत्त्वाचे. कथील २३२ अंशाला वितळतं. रिकामं भांडं मोठ्या गॅसवर ठेवलं की थर गेलाच म्हणून समजा, आणि तळण्याचं तेल तर २३२ च्या बऱ्यापैकी जवळ जातं. म्हणून कल्हईच्या भांड्यात तळण नको, फोडणी वेगळ्या पळीत करून वरून घाला, आणि भांड्यात आधी पाणी किंवा डाळ पडलेली असू द्या, पाणी आहे तोवर आतली बाजू शंभरच्या फार पुढे जात नाही. तारेची घासणी बंद, लाकडी डाव वापरा. आतून मूळ रंग दिसायला लागला की पुन्हा कल्हई. महिने मोजू नका, रंग बघा.

तांब्याच्या बाटल्या-लोट्यांबद्दल दोन शब्द. पाणी ठेवा, लिंबूपाणी, ताक, सरबत नको. पिण्याच्या पाण्यात तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे जास्त तांबं म्हणजे जास्त फायदा असं गणित नाही. घेताना चुंबक लावा, चिकटलं तर वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड. नाही चिकटलं तरी तोंडाची कड आणि आतली बाजू बघा, आतून स्टील आणि बाहेरून तांबं अशीही भांडी मिळतात, ती उघडपणे तशी विकली तर काही वाईट नाही, पण मग तांब्याचा भाव देऊ नका.

पायरी ७: ॲल्युमिनियम आणि कुकर

गावाकडे ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतात ते हेच. हलकं, स्वस्त, आच पटकन पसरते, पण आंबटही सोसत नाही आणि सोडाही सोसत नाही. पाणी उकळायला, भात करायला ठीक, टोमॅटोचं सार करून रात्रभर ठेवायला नाही. हिंडालियम म्हणजे याचाच कडक केलेला मिश्रधातू. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे वर मुद्दाम जाड केलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर, हा साध्यापेक्षा बराच बरा, पण डिशवॉशरमध्ये टाकला की वाट लागते.

कुकर आयएसआयच घ्या, मानकाचा नंबर आयएस २३४७. कुकरच्या झाकणावर सेफ्टी व्हॉल्व असतो, त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते, आतलं पाणी आटून कुकर भलताच तापला की ती वितळते आणि वाफ बाहेर पडते. म्हणजे वितळणं हेच त्या धातूचं काम. व्हॉल्व उडाला तर शिव्या देऊ नका, आणि बदलताना रस्त्यावरचा दहा रुपयांचा नको, त्याच कंपनीचा आणा. शिट्टीच्या जागी, व्हॉल्वच्या जागी काड्या, खिळे खुपसणारे महाभाग बघितलेत मी.

पायरी ८: अधातूंना विसरू नका

मूठ, झाकणाची गोळी, गास्केट, बरणी, नॉनस्टिकचा थर, हे सगळं अधातूंचं राज्य.

मूठ बेकलाइटची किंवा लाकडाची असेल तर तापत नाही, पण गॅसची ज्योत बाजूने वर आली तर जळते, म्हणून छोट्या भांड्याखाली मोठा बर्नर नको. स्क्रू ढिले होतात, घेताना मूठ हलवून बघा. लोणच्याला काचेची किंवा चिनी मातीची बरणी, पर्याय नाही, मीठ आणि आंबट दोन्ही महिनोन्‌महिने कुठल्याच धातूवर बसवायचं नसतं. झाकणही धातूचं नको, तेच आधी गंजतं.

नॉनस्टिकचा टेफ्लॉन म्हणजे कार्बन आणि फ्लोरीन. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो अपघातानेच सापडला. याला काहीच चिकटत नाही कारण त्याची कशाशीच सहजी अभिक्रिया होत नाही, पण २६० अंशाच्या पुढे तो बिघडायला लागतो. रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या गॅसवर ठेवू नका, आणि घरात पोपट, लव्हबर्ड असतील तर अजिबातच नाही, त्या वाफेने पक्षी मरतात. अंडं, धिरडं, मंद आच, लाकडी उलथनं, एवढ्यासाठी छोटा तवा घ्या. त्यात भाकरी करू नका.

पायरी ९: मोड आणि बिल

तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात, भाव अधिक मजुरी. दोन्ही वेगवेगळे विचारा, नाहीतर मजुरी भावात लपते. मोड देताना लोखंडी कड्या, स्क्रू घरीच काढा, दुकानदार त्यांच्या नावाखाली अंदाजे वजन कापतो. पितळ आणि तांबं वेगळं करून न्या, मिसळून दिलं तर सगळं पितळेच्या भावात जातं. पुसट नावं कोरलेली भांडी मोडीत घालायच्या आधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, उगाच पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

बिलावर धातू, ग्रेड आणि वजन लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर काही बदलून मिळत नाही.

बजेट कमी असेल तर माझ्या मते क्रम असा: स्टीलची दोन पातेली आणि ताट-वाट्या, कुकर, लोखंडी तवा, मग ट्रायप्लाय कढई. पितळ सगळ्यात शेवटी, तेही जवळपास कल्हईवाला आहे अशी खात्री झाली तरच.

पायरी १०: घासणं आणि कोणाला कोणाजवळ ठेवायचं नाही

तांबं-पितळ: चिंच-मीठ किंवा पितांबरी, लगेच धुऊन कोरडं. कल्हई केलेल्या आतल्या बाजूला मात्र यातलं काहीच नाही, साबणाचं पाणी आणि मऊ कापड. स्टीलवरचे पांढरे डाग आणि इंद्रधनुषी झाक व्हिनेगरने जाते. काळं पडलेलं ॲल्युमिनियम: लिंबाची सालं घालून पाणी उकळा. लोखंड: धुवा, तापवा, तेलाचं बोट.

उरलेली टोमॅटोची भाजी स्टीलच्या भांड्यात ठेवून वर ॲल्युमिनियम फॉइल लावली, आणि फॉइल भाजीला टेकली, तर सकाळी फॉइलला बारीक भोकं दिसतील. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट रस, झाली की बॅटरी तयार, आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. तो भाग टाकून द्या आणि पुढच्या वेळी झाकण लावा.

हीच गोष्ट चांदीसाठी उपयोगी पडते. कांदा, लसूण, अंड्यातलं आणि हवेतलं गंधक लागून चांदी काळी पडते. पातेल्यात तळाला फॉइल अंथरा, वर चांदीची वाटी-चमचा ठेवा, चमचाभर खायचा सोडा घाला आणि कडकडीत पाणी ओता, काळेपणा बराचसा उतरतो आणि चांदी घासून झिजत नाही. खडे बसवलेले दागिने यात टाकू नका, आणि मुद्दाम काळपट ठेवलेली ऑक्सिडाइज्ड चांदी तर अजिबात नको, नक्षीतला काळा रंगही निघून जातो.